‘ओटी नाही, कॉम्प-ऑफ घ्या’ असं एचआर म्हणतं तेव्हा हिशेब कसा लावायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाणे जिल्ह्यातल्या एका गोदामात तुम्ही डिस्पॅचचं काम बघता, साठेक माणसं आहेत. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास जेवण, सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. जानेवारीत स्टॉक-मोजणी आणि सेल एकदम आले. त्यात सुटायच्या वेळेनंतर थांबून तुमचे 41 तास झाले, तीन रविवार गेले आणि 26 जानेवारीलाही यावं लागलं. एचआरने 41 ला 8 ने भागून पाच, रविवारचे तीन आणि प्रजासत्ताक दिनाचा एक असे नऊ कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाच्या बदली सुट्ट्या, पोर्टलवर चढवले. त्यातले चार 30 दिवसांत वापरले नाहीत म्हणून ‘लॅप्स’, म्हणजे बाद, झाले. तुम्ही ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचे पैसे) मागितलात तर उत्तर आलं, ‘आपल्या पॉलिसीत ओटी नाही. आणि तुम्ही तर असिस्टंट मॅनेजर.’

कंपनीला असं करता येतं का, हे तुम्ही विचारलंय. पण त्याआधी एक गुंता सोडवायला हवा. एचआरने तीन वेगवेगळी देणी एकाच पोत्यात भरून नऊ हा आकडा काढलाय. रोजचे जादा तास हे एक देणं, गेलेला रविवार हे दुसरं आणि 26 जानेवारी हे तिसरं. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. जादा तासांचं देणं पैशात फिटतं. सुट्टीचं देणं सुट्टीने फिटतं आणि वर काही वेळा पैसेही द्यावे लागतात. एकाच्या जागी दुसरं देऊन ‘झालं की’ म्हणता येत नाही.

आधी पात्रता बघू, कारण तिथे अडलं तर पुढचं सगळं व्यर्थ. ‘असिस्टंट मॅनेजर’ या पदनामाला फारशी किंमत नाही, न्यायालयं हातात प्रत्यक्ष काम काय आहे ते बघतात. दुसऱ्याची रजा तुम्ही मंजूर करता का? कुणाला मेमो देता का? भरतीत किंवा पगारवाढीत तुमचा शब्द चालतो का? स्वतःच्या सहीने खर्च करता येतो का? या सगळ्याला उत्तर ‘नाही’ असेल आणि दिवस चलन बनवण्यात, गाड्या लावण्यात, सिस्टीममध्ये नोंदी करण्यात जात असेल, तर ते लिपिकाचं किंवा कार्यचालनाचं काम आहे. व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. केंद्राच्या नव्या कामगार संहितांमध्ये मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर आहेत. कामाच्या तासांच्या संहितेत पर्यवेक्षकाचं वेतन महिना 18,000 रुपयांच्या वर असेल तर तोही बाहेर. हा 18,000 चा आकडा फक्त पर्यवेक्षकांना लागू होतो. ‘तुमचा पगार अठराच्या वर आहे म्हणून ओटी नाही’ असं लिपिकाला सांगितलं जातं, ते चूक.

महाराष्ट्रात इथे एक सोपी किल्ली आहे. दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मधून गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदांना सूट आहे. पण अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर दर्शनी जागी लावायची असते आणि तिची प्रत सुविधाकाराकडे (पूर्वीचा कामगार निरीक्षक) पाठवायची असते. तेव्हा एचआरला एवढंच विचारा, ‘त्या यादीत माझं पद आहे का? यादी कुठे लावली आहे?’ बहुतेक ठिकाणी यादीच नसते. ती नसली म्हणून तुम्ही आपोआप कामगार ठरत नाही. पण ‘तुम्ही तर मॅनेजर’ हे वाक्य त्यानंतर सहसा पुन्हा ऐकू येत नाही.

आता कायदा कोणता. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. 1948 चा कारखाने अधिनियम, 1948 चा किमान वेतन अधिनियम आणि 1936 चा वेतन प्रदान अधिनियम त्यांत विलीन झाले. राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम मात्र राज्याचा असल्याने टिकून आहे. गोदाम साधारणपणे त्याखाली येतं. तिथे नुसती साठवण न होता पॅकिंगही होत असेल, तर कारखान्याचा मुद्दा उपस्थित होऊ शकतो, कारण ‘उत्पादन प्रक्रिये’च्या व्याख्येत पॅकिंग पूर्वीपासून आहे. नोंदणी कशाखाली झाली आहे, ते दर्शनी भागातल्या प्रमाणपत्रावर वाचा.

रोजच्या तासांच्या मर्यादेवरून सध्या बराच गोंधळ आहे. कामाच्या तासांच्या संहितेत दिवसाला 8 तास आहेत. राज्याच्या 2017 च्या अधिनियमात मुळात 9 होते, आणि ते 10 करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. त्यावर वाद घालत बसू नका. आठवड्याची 48 तासांची मर्यादा या सगळ्यात जागच्या जागी आहे, आणि तुमचं गणित तिच्यावरच सुटतं. तुमचा साधा दिवस जेवणाची सुट्टी वजा जाता बरोबर 8 तासांचा, सहा दिवसांचे 48. म्हणजे ज्या आठवड्यात तुम्ही सहाही दिवस हजर होता, त्या आठवड्यात सहाच्या ठोक्यानंतरचं प्रत्येक मिनिट 48 च्या वर जातं. दिवसाची मर्यादा 8 धरा, 9 धरा की 10, उत्तर बदलत नाही. एखाद्या आठवड्यात मध्येच रजा घेतली असेल तरच दिवसाचा आकडा महत्त्वाचा ठरतो, आणि तेव्हाही दिवसाचा व आठवड्याचा असे दोन हिशेब करून कामगाराला जो जास्त फायद्याचा तो धरायचा, असं संहिताच सांगते.

जादा तासांचा दर दुप्पट. जुन्या कारखाने अधिनियमात दुप्पट होता, राज्याच्या अधिनियमात दुप्पट आहे, नव्या संहितांमध्येही दुप्पट आहे. महामारीच्या काळात गुजरात सरकारने 17 एप्रिल 2020 च्या अधिसूचनेने कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधा दर अशी सवलत दिली होती. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळातला ओटी देण्याचा आदेश दिला. तशा आणीबाणीत जे चाललं नाही, ते एका सेलच्या महिन्यासाठी पॉलिसीत एक ओळ घालून चालेल, असं मानायला जागा नाही. शिवाय वेतन संहितेत स्पष्ट तरतूद आहे की, देय रक्कम सोडून देण्याचा करार तेवढ्यापुरता शून्यवत. त्यामुळे रुजू होताना तुम्ही पॉलिसीवर सही केली असली तरी घाबरू नका.

तासामागे एक तास सुट्टी देणं हा सौदाही मुळात बरोबरीचा नाही. कायदा त्या तासाला दोन तासांचं मोल देतो, कॉम्प-ऑफ एका तासाचं. अशा पॉलिस्या बहुधा बाहेरच्या नमुन्यांवरून उतरवलेल्या असतात. गंमत अशी की अमेरिकेत ओटीऐवजी रजा देण्याची मुभा सरकारी नोकरांपुरती आहे. ती 1985 च्या दुरुस्तीने आली, आणि तिथेही एका जादा तासाला दीड तास रजा द्यावी लागते. खासगी कंपन्यांना ती वाट नाहीच. म्हणजे नक्कल करताना मूळचा अर्धा तासही गळला.

आकडे मांडू. तुम्ही दिलेली पगाराची फोड अशी: मूळ वेतन 9,600, विशेष भत्ता 7,200, घरभाडे 4,800, प्रवास 2,400, एकूण 24,000. वेतन संहितेच्या व्याख्येत घरभाडे आणि प्रवास भत्ता वेतनाबाहेर आहेत. वगळायच्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग परत वेतनात धरतात. तुमच्याकडे त्या 7,200, म्हणजे 30 टक्केच, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मात्र ‘विशेष भत्ता’ वगळण्याच्या यादीत नाही, तो वेतनातच धरायचा. तुमचं वेतन 16,800.

16,800 भागिले 26 म्हणजे दिवसाला 646.15 रुपये. त्याला 8 ने भागलं की तासाला 80.77, दुप्पट 161.54. गुणिले 41 तास, सुमारे 6,623 रुपये. याउलट पाच कॉम्प-ऑफचं मोल या दराने 3,231 रुपये. शिवाय 41 मधला एक तास एचआरने भागाकारात सोडून दिला तो वेगळाच. वेतन संहितेत ‘प्रत्येक तास किंवा तासाचा भाग’ असे शब्द आहेत, त्यामुळे ‘पूर्ण दिवस भरत नाही’ ही सबब चालत नाही.

ओटी द्यायला कंपनी तयार झाली तरी हिशेबात तीन ठिकाणी कात्री लागते, ती ओळखून ठेवा. पहिली, फक्त मूळ वेतनावर हिशेब. 9,600 वर तासाचा दुप्पट दर 92.31 येतो आणि 41 तासांचे होतात 3,785. दुसरी, 26 ऐवजी 30 ने भागणं. 16,800 भागिले 30 भागिले 8 म्हणजे 70, दुप्पट 140, एकूण 5,740. किमान वेतनाच्या हिशेबात दिवसाचा दर गुणिले 26 म्हणजे महिना आणि भागिले 8 म्हणजे तास अशी रीत आहे. ग्रॅच्युइटीतही 26 च धरतात. तेव्हा 30 का, हे सांगण्याची जबाबदारी त्यांची. तिसरी युक्ती जरा चलाख असते. ओटीची रक्कम ‘इन्सेंटिव्ह’ म्हणून ठोक टाकायची. वेतनपावतीवर तास आणि दर दिसत नसतील तर तो ओटी आहे असं कुणी म्हणू शकत नाही, तुम्हीही नाही आणि कंपनीही नाही.

आता रविवार. लोक इथेच सर्वात जास्त फसतात, कारण इथे कॉम्प-ऑफ खरोखर कायद्यात आहे. साप्ताहिक सुट्टी हिरावली गेली तर तिच्याऐवजी दुसरी सुट्टी द्यावी लागते. राज्याच्या अधिनियमात त्यासाठी त्या सुट्टीपासून दोन महिने आहेत. संहितेत तो महिना आणि पुढचे दोन महिने अशी मुदत आहे. म्हणून तुमच्या कंपनीचा ‘30 दिवसांत वापरा नाहीतर गेला’ हा नियम रविवारच्या कॉम्प-ऑफला लागू होऊच शकत नाही. इथे ‘द्यावी’ हा शब्द महत्त्वाचा. ती देण्याचं काम मालकाचं आहे. तुम्ही अर्ज केला नाहीत म्हणून ती विरत नाही. मुदतीत दिली नाही तर नियम त्यांनी मोडला.

पण बदली सुट्टी दिली की रविवारचं सगळं फिटलं का? ती कोणत्या आठवड्यात पडली, यावर ते आहे. एक आठवडा उदाहरणाला घेऊ, रविवार 11 जानेवारी ते शनिवार 17 जानेवारी. रविवारी 8 तास काम. सोमवार, मंगळवार, गुरुवार दोन-दोन तास थांबलात, म्हणजे 10-10-10. बुधवार, शुक्रवार, शनिवार साधे 8-8-8.

समजा बदली सुट्टी त्याच आठवड्यात बुधवारी 14 तारखेला मिळाली. तर 8 अधिक 30 अधिक 16, एकूण 54 तास. 48 च्या वर 6, म्हणजे फक्त उशिरा थांबल्याचे. रविवारच्या जागी बुधवार आला, फिटलं. ओटी 969 रुपये.

आता समजा बुधवारी कामावर होतात आणि बदली सुट्टी 28 जानेवारीला मिळाली. त्या आठवड्याचे झाले 62 तास, 48 च्या वर 14, ओटी 2,262 रुपये. पुढच्या आठवड्यातली सुट्टी मागच्या आठवड्याचे तास पुसू शकत नाही, कारण मर्यादा आठवड्याची आहे, महिन्याची नाही. एचआरमधले बरेच जण इथे हरकत घेतात. ‘सुट्टीपण द्यायची आणि पैसेपण?’ माझं मत स्पष्ट आहे: हो. सुट्टी आहे ती सलग काम करून शिणलेल्या शरीरासाठी आणि पैसे आहेत ते 48 च्या वरच्या तासांसाठी. सुट्टी त्याच आठवड्यात दिली असती तर पैसे वाचले असते. ती उशिरा देणं ही कंपनीची सोय, तिची किंमत कंपनीने मोजावी.

त्यामुळे तुमचे तीन रविवार एकेक करून तपासा. ज्याची बदली सुट्टी त्याच आठवड्यात मिळाली, तो सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक रविवारी 8 तास दुप्पट दराने, म्हणजे 1,292 रुपये, आणि सुट्टी कायम. हे करताना ‘आठवडा’ कुठून कुठपर्यंत ते आधी पक्कं करा. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात तो शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू व्हायचा. कंपनीच्या हजेरीत सोमवार ते रविवार असेल तर 11 तारखेचा रविवार मागच्या आठवड्यात जातो आणि आकडे बदलतात. एकच पद्धत सगळ्या आठवड्यांना लावा. सोयीप्रमाणे आठवडा फिरवला तर पुढे तुमच्याच तक्त्यावर विश्वास राहणार नाही.

26 जानेवारीचं गणित आणखी निराळं. राज्याच्या अधिनियमात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकी चार आपसात ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट रोज आणि शिवाय बदली सुट्टी, असं दोन्ही द्यायचं असतं. तुमच्या एचआरने फक्त सुट्टी दिली. दुप्पट म्हणजे 1,292 रुपये. कंपनी म्हणू शकते की त्या दिवसाचा एक रोज महिन्याच्या पगारात आलाच आहे, म्हणून वर एकच, 646. मी दुप्पट मागेन. पण निदान 646 तरी पगारावर वेगळे दिसायला हवेत, ते शून्य असू शकत नाहीत.

तर आतापर्यंतचं धरून: 41 तासांसाठी कॉम्प-ऑफ नको, 6,623 रुपये. तीन रविवारांच्या तीन सुट्ट्या कायम आणि जिथे सुट्टी दुसऱ्या आठवड्यात गेली तिथे प्रत्येकी 1,292 जास्त. 26 जानेवारीची एक सुट्टी कायम आणि वर दुप्पट रोज. वरच्या 41 तासांवर मिळालेले पाच कॉम्प-ऑफ परत करायची तयारी ठेवा. त्यातले दोन वापरून झाले असतील तर तेवढ्या दिवसांचा पगार कंपनी वळता करून मागेल, आणि ते रास्तच आहे. दोन्ही हातांनी घेऊ नका, त्याने बाकीचा खरा दावा हलका होतो.

कॉम्प-ऑफ म्हणजे फसवणूकच, असा अर्थ मात्र काढू नका. करारातले तास आणि कायद्याची मर्यादा यांच्यात एक पट्टा असतो. ज्यांचा आठवडा पाच दिवसांचा आणि दिवस साडेसात तासांचा, त्यांचे होतात साडेसदतीस. कुणी अर्धा तास जास्त थांबला तर करारापेक्षा जास्त झालं, पण ते 8 तास आणि 48 तास या दोन्हींच्या आतच आहे. इथे दुप्पट दर लागू होत नाही. या पट्ट्यात काय द्यायचं ते कंपनीने ठरवावं, आणि कॉम्प-ऑफ हा तिथला चांगला मार्ग आहे. जे खरोखर व्यवस्थापकीय कामावर आहेत त्यांना तर बहुधा तेवढंच मिळतं. सरकारी नोकरांचे सेवानियम पूर्ण वेगळे, त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. आणि रोजंदारीवरच्या सहकाऱ्यांना एवढं जरूर विचारा की कॉम्प-ऑफच्या दिवसाचा रोज मिळतो का. मिळत नसेल तर त्यांच्यासाठी ती सुट्टी म्हणजे बिनपगारी घरी बसणं, ओटीही गेला आणि रोजही गेला.

पुरावा. 41 हा आकडा तुमच्या वहीतला आहे की पंचिंगमधला? दोन्ही असतील तर उत्तम. पंच-इन, पंच-आउटचा महिन्याचा रिपोर्ट पोर्टलवरून आजच उतरवून घ्या, कारण भांडण सुरू झालं की पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. कॉम्प-ऑफची शिल्लक आणि ‘लॅप्स’ दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्या. तो तुमच्या फार कामाचा आहे. तास झाले नव्हते तर कंपनीने कॉम्प-ऑफ चढवलेच कशाला? म्हणजे जादा काम झाल्याची कबुली त्यांच्याच सिस्टीममध्ये बसली आहे. ‘आज गाडी लागेपर्यंत थांबा’ असे व्हॉट्सअॅप संदेश, रात्रीच्या चलनांवरची वेळ, गेटवरची नोंदवही, हेही जमवा.

‘थांबला होतात, पण कुणी थांबायला सांगितलं होतं?’ हा नेहमीचा पवित्रा. त्याचं उत्तर कायद्याच्या शब्दांतच आहे. मर्यादेपेक्षा जास्त काम करायला लावणं आणि करू देणं, दोन्ही धरलेलं आहे. सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर तुम्ही रोज आठपर्यंत चलनं फाडत होता आणि ती गाडीबरोबर गेली, तर ‘करू दिलं’ हे सिद्ध होतं. मात्र काम संपल्यावर बससाठी अर्धा तास थांबून मग पंच-आउट केलं असेल, तर तो अर्धा तास तुम्हीच वगळा. दुसरं, नव्या संहितेत जादा कामाला कामगाराची संमती लागते. पुढच्या वेळी थांबायला सांगितलं की ‘हो, थांबतो, आजचे दोन तास ओटीत धरावेत’ असा एका ओळीचा संदेश पाठवून ठेवा. संमतीही झाली, नोंदही झाली.

मग लेखी मागणी. लांबलचक, कलमांनी भरलेलं पत्र नको. असं काहीतरी पुरे:

‘महोदय, 4 ते 31 जानेवारी या काळात माझे साप्ताहिक 48 तासांवर 41 तास काम झाले. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. या तासांचे वेतन दुप्पट दराने मिळावे. या तासांपोटी जमा केलेले पाच कॉम्प-ऑफ रद्द करण्यास हरकत नाही. तीन रविवार व 26 जानेवारीच्या बदली सुट्ट्या लॅप्स दाखवल्या आहेत, त्या पूर्ववत करून पुढील तारखांना मंजूर कराव्यात. 26 जानेवारीचे दुप्पट वेतनही जोडावे.’

खाली सुट्टीच्या ठरावीक तारखा लिहा. ‘सोयीनुसार द्यावी’ लिहिलंत तर ती सोय कधीच येत नाही. तक्त्यात पाचच रकाने ठेवा: तारीख, आत, बाहेर, कामाचे तास, आठवड्याची बेरीज. मागणी ईमेलने पाठवा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, कंपनीचा आयडी शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा, म्हणून त्या चक्रात बसेल अशा बेताने पाठवा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. वेतन संहितेखालचा दावा तुम्ही स्वतः, तुमची संघटना किंवा निरीक्षक-नि-सुविधाकार दाखल करू शकतात. मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी वेतन प्रदान अधिनियमात बारा आणि किमान वेतनाच्या कायद्यात सहा महिने होते, तेव्हा जुन्या माहितीवर कुणी ‘मुदत संपली’ म्हणाला तर मानू नका. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. प्राधिकाऱ्याला मूळ रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. ती प्रत्येकाला मिळते असं नाही, पण दहा हजारांच्या आतल्या रकमेसाठी कंपन्या सहसा तडजोडीला येतात त्याचं हे एक कारण. एकट्याने जाण्यापेक्षा डिस्पॅचमधले पाच-सहा जण एकाच नमुन्याच्या तक्त्यांसह गेलात तर बोलणी लवकर होतात, आणि कुणा एकावर डूख धरणंही अवघड होतं.

राजीनाम्याचा विचार मनात असेल तर क्रम बदला. आधी मागणीचा ईमेल, मग राजीनामा. फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा अखेरचा हिशेब) आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, पण त्यात ओटीची ओळ नसताना तुम्ही ‘सर्व देणी मिळाली’ या कागदावर सही केलीत तर नंतर समजावत बसावं लागतं. सही करावीच लागली तर खाली हाताने लिहा: ‘जानेवारीचा ओटी व चार बदली सुट्ट्या वगळून’. आणि त्या कागदाचा फोटो काढूनच तो परत द्या.